महालिंगअप्पा आणि सुपाची गाडी

आमच्या रस्त्याच्या कामाच्या कॅम्पावर एकदा स्टोअरकीपर महालिंगअप्पांना चौघांनी उचलून सबंध वस्तीतून फिरवलं. अप्पा डोळे मिटून, हात छातीवर ठेवून आडवे पडलेले. मजुरांच्या पालांपुढून हा लवाजमा निघाला, तशा बायांनी डोक्यावरच्या पाट्या खाली टाकल्या आणि हंबरडा फोडला. मुकादमाची म्हातारी तर धावत येऊन अप्पांच्या पायांवर डोकं ठेवायला लागली. तेव्हा अप्पा उठून बसले आणि म्हणाले, "माय, जरा दम धर. मुआयना चालू हाय."

त्या दिवशी कॅम्पाच्या दवाखान्यासाठी स्ट्रेचर आलं होतं. दोन बांबू आणि मधे जाड कापड, एवढीच वस्तू. पण स्टोअरमध्ये वस्तू आली की तिचा मुआयना, म्हणजे तपासणी होणार, ती आपलं काम करून दाखवणार, आणि मगच अप्पा पावतीवर सही करणार, हा त्यांचा कायदा. स्ट्रेचरचं काम माणूस वाहून नेणं. दुसरा माणूस कशाला शोधायचा म्हणून ते स्वतःच आडवे झाले होते. फिरून आल्यावर त्यांनी बांबू वाकवून पाहिले, कापडाची शिवण ओढून पाहिली आणि रडणाऱ्या म्हातारीच्या देखत सही ठोकली.

"आदी मुआयना, मंग दस्तखत," हे त्यांचं वाक्य कॅम्पावरच्या पोरासोरांनाही पाठ होतं. अप्पांची उमेदीची वर्षं निजामाच्या तामीरात खात्यात, म्हणजे बांधकामात गेलेली. पुढे निजामी गेली, हैदराबादचं राज्य मोडलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो. उर्दू कागद इंग्रजी झाले, इंग्रजीचे हळूहळू मराठी व्हायला लागले. अप्पांनी तिन्ही भाषांतली सही शिकून घेतली, पण मुआयना तोच ठेवला.

मी त्या वेळी कॅम्पावर नवा कारकून होतो. पोखर्णीच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला रस्त्याच्या भरावाचं काम चाललं होतं. पत्र्याचं स्टोअर, त्याच्या मागच्या बाजूला अप्पांची खाट, खाटेखाली एक ट्रंक, आणि वर खिळ्याला टांगलेला बंद गळ्याचा काळा कोट. अप्पांचा संसार एवढाच. माणूस उंच, वाळका, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. सकाळी पूजा झाल्याशिवाय पाणी पीत नसत आणि दिवेलागणीला स्टोअरचं कुलूप चार वेळा ओढून पाहिल्याशिवाय जेवत नसत. बायको फार पूर्वी वारली एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यापलीकडे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्यांच्या मुआयन्याच्या गोष्टी सांगायला बसलं तर पहाट होईल. छत्र्या आल्या तेव्हा ऐन उन्हाळ्यात त्यांनी मला छत्रीखाली उभं करून वरून घागर ओतली. सुरुंग उडवण्याआधी वाजवायच्या शिट्ट्या आल्या तेव्हा एकेक शिट्टी घेऊन दम लागेस्तोवर फुंकली, आणि सुरुंग उडतोय असं समजून सगळे मजूर नदीकडे पळाले. अर्धा दिवस काम बंद. साहेबांनी बोलावून झापलं तर अप्पा म्हणाले, "मजूर पळाले ना, साहेब? म्हंजे शिट्टी बराबर हाय."

एकाच ठिकाणी त्यांना माघार घ्यावी लागली. साप चावल्यावर द्यायचं औषध आलं. अप्पांनी कंपाउंडरला विचारलं, "ह्याचा मुआयना कसा करायचा?"

कंपाउंडर वैतागून म्हणाला, "साप चावून घ्यावा लागेल."

अप्पा दोन दिवस विचार करत होते. आम्ही खरोखर घाबरलो होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली आणि खाली शेरा मारला, 'साप न मिळाल्याने मुआयना बाकी.'

अशा माणसाच्या हवाली एके दिवशी सरकारनं एक भलंमोठं लोडर करायचं ठरवलं.

लोडर म्हणजे काय हे तोवर आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. साहेबांनी चित्र दाखवलं होतं. चार प्रचंड रबरी चाकं, पोटात इंजिन, आणि पुढं दोन लोखंडी हातांवर सुपासारखं भलं पातं. त्यानं माती खालून उचलायची आणि थेट ट्रकमध्ये ओतायची. दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर होती. भरावाचं काम मागं पडलं होतं. वरचे मोठे साहेब येऊन लोडरपुढं नारळ फोडणार आणि कामाला जोर येणार, असं ठरलं होतं. लोडर आगगाडीनं परभणीला येणार, कारण एवढं धूड उतरवायचा धक्का तिथंच होता. ताबा घ्यायला अप्पांना पाठवलं आणि कागदपत्रांना मदत म्हणून मला सोबत दिलं. निघताना साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "अनंतराव, परवा नारळ फुटायचा आहे. म्हाताऱ्याला आवरा."

परभणीच्या मालधक्क्यावर आम्ही पोचलो तेव्हा मालगाडीच्या उघड्या वाघिणीवरून पिवळंधमक यंत्र नुकतंच खाली उतरलं होतं. भोवती सगळं स्टेशन जमलेलं. चाकं माझ्या छातीइतकी उंच. यंत्राला टेकून कंपनीचा माणूस सिगारेट ओढत उभा होता. फर्नांडिस त्याचं नाव. मुंबईचा, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा शर्ट. कॅम्पापर्यंत यंत्र चालवत आणायचं आणि आमच्या ड्रायव्हरला शिकवायचं काम त्याच्याकडं होतं. पण ताबा स्टेशनवरच द्यायचा, असा कंपनीचा नियम. त्यानं कागद पुढं केला.

"साइन करो, बाबा."

अप्पांनी कागद घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. "आदी मुआयना."

"देखो ना. कौन रोकता है?"

"बगून काय करू? उचलून दाखवा."

"क्या उठाऊं इधर? प्लॅटफॉर्म?"

अप्पांनी आजूबाजूला नजर फिरवली. धक्क्याच्या टोकाला इंजिनाच्या राखेचा डोंगर साठला होता. अप्पांनी तिकडे बोट दाखवलं. त्याबरोबर स्टेशनमास्तर मधे पडले. ती राख रेल्वेची. रेल्वेच्या मालाला बाहेरच्या यंत्रानं हात लावायचा तर वरून परवानगी लागेल.

"तुमची राख तुमच्याच हद्दीत ऱ्हाईल, मास्तर," अप्पा शांतपणे म्हणाले. "ह्या कोपऱ्यातली त्या कोपऱ्यात जाईल. आमी एक चिमूट बी नेत न्हाई. नेली तर कपाळाला लावायला."

स्टेशनमास्तर तरी ऐकेनात. फर्नांडिस ऐकेना. अप्पा मालाच्या एका पेटीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मंग बसू. मला कुटं जायचंय?" ऊन डोक्यावर आलं. फर्नांडिसनं साहेबांच्या चिठ्ठ्या दाखवल्या, कंपनीची पत्रं दाखवली, शेवटी हात जोडले. अप्पांनीही हात जोडले, पण उठले नाहीत. मागून मालगाडी यायची वेळ झाली आणि हे धूड धक्क्यावर अडून राहिलेलं. शेवटी स्टेशनमास्तरच घायकुतीला आले. "उचला बाबा राख, काय उचलायची ती उचला, पण इथून हला!"

फर्नांडिस दात खात वर चढला. इंजिन धडधडलं, सूप खाली आलं, राखेच्या ढिगात घुसलं आणि एका दमात एवढी राख घेऊन वर गेलं की बघणाऱ्यांच्या तोंडून आपोआप 'हाऽऽ' निघालं. नेमका त्याच वेळी वारा सुटला. स्टेशनमास्तर, हमाल, मी आणि पांढऱ्या टोपीचा फर्नांडिस, सगळे एका क्षणात राखेचे पुतळे झालो. अप्पांनी गालावरची राख बोटानं निरखून पाहिली. "शिवाचं देणं हाय," ते म्हणाले. "काम बराबर झालं."

स्टेशनमास्तरांचा तर नूर पालटला होता. कित्येक महिने न हललेला ढीग डोळ्यांदेखत हलला होता. "अहो, त्या सिग्नलपाशी अजून एक ढीग आहे," ते हळूच म्हणाले.

"मुआयना एकाच ढिगाचा असतो," अप्पा म्हणाले.

मला वाटलं संपलं. पण अप्पा यंत्रासमोर लांबवर जाऊन, रुळांकडे पाठ करून, हाताची घडी घालून उभे राहिले.

"या आता अंगावर. जोरात या. थांबतंय का बगू."

फर्नांडिसचा चेहरा राखेखालीसुद्धा पांढरा पडलेला दिसला. "पागल है क्या? मर जाएगा तो?"

"मेलो तर दस्तखत न्हाई," अप्पा म्हणाले.

मी त्यांना ओढायला गेलो तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जागीच थबकलो. "अनंतराव, ह्या मशीनच्या पुढं उद्या बाया पाट्या घेऊन चालणार हायत. लेकुरवाळ्या बाया. बिरेक लागतंय का न्हाई हे मी कवा बगू? तवा बगू?"

फर्नांडिसनं छातीवर क्रूस काढला आणि यंत्र सोडलं. मी डोळे मिटले. करकरून आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा सुपाची कड अप्पांच्या कोटाच्या गुंडीपासून वीतभर अंतरावर होती आणि अप्पा खिशातून पेन काढत होते.

फर्नांडिस खाली उतरला. सही झालेला कागद घेताना तो मला म्हणाला, "हम कितना जगह मशीन दिया. ऐसा आदमी नहीं देखा." पण त्यानंतर त्यानं अप्पांना 'बाबा' म्हणायचं सोडलं आणि 'अप्पाजी' म्हणायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं तर नवीनच पेच उभा राहिला. साहेबांचा हुकूम सरळ होता. पोखर्णीच्या रस्त्यानं यायचं. अप्पा म्हणाले, "त्या रस्त्याचा पूल कच्चा हाय."

"कुठला पूल?"

"वढ्यावरचा. मी सवता उडी मारून बगितलो."

मी चक्रावलो. तो पूल दगडी होता. आदल्याच दिवशी आम्ही खडीच्या भरल्या ट्रकमध्ये बसून त्याच पुलावरून आलो होतो, आणि अप्पा वाटेत उडी मारायला काही उतरले नव्हते.

"मग कुठून न्यायचं?"

"ताडकळसावरून."

"अप्पा, तो तर उलटा फेरा आहे! आणि पुढं नुसती गाडीवाट."

"पडू द्या फेरा. रसीदीवर दस्तखत माझी हाय. मशीन मी म्हणतो तिकडून जाईल."

असं तुटक बोलणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. पण कोवळ्या उन्हात आमची वरात ताडकळसाच्या वाटेला लागली. फर्नांडिस चाकामागे, बाजूच्या पत्र्यावर दांडा धरून अप्पा, आणि मागून कंपनीच्या सामानाच्या जीपमध्ये मी.

वाटेतल्या गावागावांत माणसं घराबाहेर आली. एका म्हातारीनं आडवी येऊन चाकाला हळदकुंकू लावलं. एका पारावर थांबलो तर एका शेतकऱ्यानं यंत्राभोवती फेरी मारून अप्पांना विचारलं, "हे खातंय काय?"

"डिझेल."

"अन् शेण?"

"धूर टाकतंय. शेणाचं मातर न्हाई."

"मंग काय कामाचं?" असं म्हणून तो निघून गेला. पोरांनी मात्र त्याचं नाव 'सुपाची गाडी' ठेवलं आणि हद्दीपर्यंत मागं पळत आली.

ताडकळसाची झाडं दिसायला लागली तसे अप्पा बदलायला लागले. यंत्र थांबवून त्यांनी कोटावरची कालची राख झटकली, टोपी नीट केली, जीपमधून तांब्या मागून तोंड धुतलं आणि खिशातल्या पुडीतलं भस्म काढून कपाळावर पुन्हा नव्यानं पट्टे ओढले. मग वर चढून फर्नांडिसला म्हणाले, "भोंगा वाजवा."

"सामने तो कोई नहीं, अप्पाजी."

"वाजवा म्हणलं न्हवं?"

भोंगा वाजला. अप्पांनी पुन्हा वाजवायला लावला. गावात त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता, लांबून गलका ऐकू येत होता. वेस अगदी जवळ आली आणि अप्पांचा आवाज एकदम खाली गेला. "गावातून नको. कडेनं घ्या. वढ्याकडून."

"उधर गीला है।"

"कडेनं घ्या," अप्पा म्हणाले.

काळ्या मातीचं ज्याला कळतं त्याला पुढचं सांगायला नको. वरून वाळलेली, पापडी धरलेली वाट. ओढ्याच्या उतारावर पुढची चाकं त्या पापडीतून खाली गेली आणि फर्नांडिसनं जोर लावला तशी आणखी खोल गेली. सुपाची गाडी मान खाली घालून, आसापर्यंत चिखलात बसली. सूप जमिनीला रेटून फर्नांडिसनं तिचं तोंड वर उचलून पाहिलं, पण मागची चाकं गरगरत जागीच फिरत राहिली. अप्पा चिखलात उतरले. गुडघ्यापर्यंत रुतले. चाकावर हात ठेवून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब येणार होते आणि आम्ही जिथं नसायला पाहिजे त्या वाटेवर, जिथं नसायला पाहिजे त्या ओढ्यात रुतून बसलो होतो.

"बैल लागतील," मी म्हणालो. "गाव समोरच आहे, चला."

"तुमी जा," अप्पा म्हणाले. "मी मशीन सोडणार न्हाई."

बाजारात जाऊन मी चार जणांना विचारलं. चारही जण एकच नाव सांगत. दणकट बैल पायजेत तर नागनाथ शेटकडं जा. शेटचं धान्याचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं. गल्ल्यामागे जाडजूड, कपाळावर अप्पांसारखेच भस्माचे पट्टे असलेला म्हातारा बसला होता. मी अडचण सांगितली. त्यानं आपुलकीनं ऐकून घेतलं, 'देतो की बैल' असंही म्हणाला. मग विचारलं, "मशीनसंगं साहेब कोण हाय?"

"साहेब नाहीत. आमचे स्टोअरचे महालिंगअप्पा आहेत."

शेटनं हातातला तराजू खाली ठेवला. "मंग बैल न्हाईत."

मी काही विचारायच्या आत मागच्या दाराचा पडदा हलला आणि एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन बाहेर आली. अप्पांसारखीच उंच, तसंच नाक. तिला पाहिलं आणि उलट्या फेऱ्याचा उलगडा मला झाला.

"कुटं हायत?" तिनं मला विचारलं.

"पारू, आत जा," शेट म्हणाला आणि माझ्याकडे वळला. आता त्याला सांगितल्याशिवाय राहवेना. "ह्या माणसानं माज्या पोराचा मुआयना केला, साहेब! भर मांडवात! अक्षता हातात घेऊन माणसं उभी, अन् हा म्हणतो, दुकानदाराचा पोरगा हाय तर आदी एक पायली जवारी मापून दाखवा. पोरगं घाबरलं. हातातली पायली सांडली. सगळा मांडव हासला. आमी त्येची पोरगी तपासली होती का? लगीन लावलं, पन त्याच दिशी सांगितलं, तुमचा पाय आमच्या उंबऱ्याला लागायचा न्हाई अन् पोरगी तुमच्याकडं यायची न्हाई."

"मग अप्पा काय म्हणाले?"

"'बरं' म्हणाले," पारूच म्हणाली. "'बरं' म्हणाले अन् चालत गेले. तवापासून आले न्हाईत."

तिनं पोर कडेवरून उतरवून शेटच्या मांडीवर ठेवलं, पदर खोचला आणि दुकानाच्या बाजूनं गोठ्याकडे निघाली.

"कुटं चाललीस?"

"बैल सोडायला, मामंजी. माजा बाप चिखलात हुबा हाय. परत आल्यावर मला काय बोलायचं ते बोला."

"घरात गडी न्हाई. तुजा नवरा पाथरीला गेलाय. बैल कोण हाकील?"

"मी."

तिनं खरोखर दावी सोडली. दोन्ही कासरे हातात घेऊन ती बाजारातून चालायला लागली तशी माणसं बाजूला झाली. मी मागं. थोडं पुढं गेल्यावर मला पाठीमागे धापा टाकण्याचा आवाज आला. नागनाथ शेट नातीला खांद्यावर घेऊन, धोतर सावरत येत होता, आणि त्याच्यामागं शेजारपाजारच्या आणखी तीन जोड्या आणि अर्धा बाजार.

ओढ्यावर अप्पा मी सोडून गेलो होतो तसेच उभे होते. पारू काठावर थांबली.

"अप्पा."

अप्पांनी मान वर केली. "आलीस?"

"तुमी आलाव म्हणून आले."

"वाळलीस."

"तुमीच वाळलाव," ती म्हणाली, आणि कासरे हातात तसेच धरून रडायला लागली. अप्पांना चिखलातून पाय काढून वर येता येईना. ते तिथूनच बघत राहिले.

तेवढ्यात नागनाथ शेट पुढं झाला. सगळा गाव ऐकेल अशा आवाजात म्हणाला, "बैल आणलेत. पन जुंपायच्या आदी मुआयना करून घ्या म्हणावं. दात बगा, खूर बगा, वाटलं तर पायली मापून घ्या. न्हाई तर मंग मांडवात आमची फजिती!"

लोक हसले. मला वाटलं आता अप्पा काहीतरी तोडून बोलतील आणि सगळं बिघडेल. अप्पा खाली चिखलाकडे बघत होते. मग म्हणाले, "तुमचे बैल हायत, शेटजी. बगायचं काय त्यात? चुकलं माझं. मांडवातच म्हणायला पायजे होतं. तवा तोंडातून निघालं न्हाई."

हसणं थांबलं. शेटनं नातीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि उगाच जमलेल्या माणसांवर ओरडला, "बगता काय? बाभळी तोडा! साखळी आणा!"

मग जे झालं ते गावानं केलं. चाकांखाली बाभळीच्या फांद्या आणि दगड पडले. साखळी बांधली, चारही जोड्या जुंपल्या. फर्नांडिस सूप रेटून यंत्राचं तोंड उचलायचा, माणसं खाली दगड सारायची. नातीला पारूकडे देऊन शेट गुडघाभर चिखलात उभा राहून हुकूम सोडत होता आणि अप्पा त्याच्या शेजारी खांदा लावून चाक रेटत होते. दोघांच्या कपाळावरचे पट्टे एकसारखेच पुसून गेले होते. शेवटी एक मोठा हिसका बसला आणि सुपाची गाडी भुसकन वर येऊन काठावर उभी राहिली. जत्रेत देवाच्या पालखीलाही झाला नसेल एवढा गजर झाला.

शेट म्हणाला, "आता घरी चला. जेवून जा."

"सरकारी मशीन हाय. उघड्यावर सोडता येत न्हाई," अप्पा म्हणाले. मी कपाळावर हात मारला. पण पारू घरी गेली आणि भाकरी, पिठलं, ठेचा, ताकाची चरवी असं सगळं पाटीत घालून बांधावर घेऊन आली. अप्पा यंत्राला पाठ टेकून बसले. ती त्यांच्यासमोर बसली आणि वाढत राहिली. काय बोलले ते मला माहीत नाही. मी आणि फर्नांडिस मुद्दाम लांब जाऊन जेवलो. नात सुपाच्या कडेला हात लावून हळूहळू अप्पांच्या जवळ सरकत होती.

"नाव काय हिचं?" अप्पांनी विचारल्याचं मात्र ऐकू आलं.

"गिरजा," पारू म्हणाली.

अप्पा उठले आणि पंच्याच्या टोकानं यंत्राचा दिवा पुसायला लागले. तो आधीच स्वच्छ होता. ते बराच वेळ पुसत राहिले. शेट माझ्याशेजारी येऊन बसला होता, तो हळूच म्हणाला, "पारूच्या आईचं नाव. तिनंच ठिवलं. आमी न्हाई म्हणलो न्हाई."

कॅम्पावर पोचेपर्यंत दिवस कलला होता. साहेब रस्त्यावरच येरझारा घालत होते. चिखलानं माखलेलं नवं यंत्र बघून त्यांचा पारा चढला. "हे काय? आणि कुठल्या रस्त्यानं आलात तुम्ही?"

मी पटकन पुढं झालो. "साहेब, ओढ्यावरच्या पुलाचा भरवसा नव्हता, म्हणून..."

अप्पांनी मला हातानं मागं सारलं.

"पूल पक्का हाय, साहेब. मी लेकीच्या गावावरून आलो. मशीन माज्यामुळं फसलं. काई मोडलं न्हाई, सगळं बगितलंय. पन कसूर माझा हाय. तसं लिहून घ्या."

कॅम्पावरची माणसं भोवती जमली होती. साहेब अप्पांकडे बघत राहिले. कोटाला चिखल, टोपीला बाभळीचा काटा.

"किती दिवसांनी भेटलात लेकीला?" त्यांनी विचारलं.

"लगीन झाल्यापासून आजच, साहेब."

साहेब यंत्राभोवती एक फेरी मारून आले. चाकाचा चिखल बोटानं काढून झटकला. "उद्या नारळ फुटायच्या आत धुऊन ठेवा," ते म्हणाले आणि तंबूकडे वळले.

अप्पा जागचे हलले नाहीत.

"आता आणखी काय?"

"रजा पायजे होती, साहेब. दिवाळीला. लेकीला अन् नातीला आणायला जायचंय."

"किती दिवस?"

अप्पा गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "किती दिवस देतेत, साहेब?" त्यांनी विचारलं. "मी कदी घेतली न्हाई."